छत्रीखांबांचं गोदाम नशिबावर उभं नाही

झ्युरिकच्या गिसह्यूबेल भागात स्विस अभियंते रॉबर्ट मायार यांनी १९१० मध्ये एक गोदाम बांधलं: स्लॅबखाली बीम नाहीत, आणि खांबांचे माथे छत्रीसारखे रुंद होत गेलेले. अशा जुन्या आरसीसी इमारतींबद्दल एक मत सारखं फिरत असतं: खांबांवरच्या छत्र्या शोभेच्या, बीम गाळले ते पैसे वाचवायला, गणित कुणाला येत नव्हतं, आणि आरसीसी तसंही पन्नास वर्षांचंच.

आधी छत्र्या. बीम नसला की स्लॅबचा सगळा भार थेट खांबावर उतरतो आणि सडपातळ खांब स्लॅब भोसकून वर निघायला बघतो. खांबाचा माथा रुंद केला की हा जोर मोठ्या परिघावर वाटला जातो, शिवाय दोन खांबांमधला स्लॅबचा मोकळा गाळाही आखूड होतो. छत्री काढली, तर स्लॅब पहिल्यांदा तिथेच फाटेल. मायार यांनी खांब वळण घेत स्लॅबमध्ये मिसळवला. मला ते देखणं वाटतं, पण ते भार वाहणारं अंग आहे.

पैशांचं अर्धं खरं. सपाट छताला शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, सोपं पडतं. पण गोदामात खरा फायदा उंचीचा: खाली लोंबणारे बीम नसल्यामुळे माल वरपर्यंत रचता येतो.

गणिताचा आरोप मात्र मला अन्यायाचा वाटतो. मायार झ्युरिकच्या पॉलिटेक्निकमधून १८९४ मध्ये बाहेर पडले; विल्हेल्म रिटर त्यांचे गुरू. अशा स्लॅबसाठी सर्वमान्य सूत्र तेव्हा नव्हतं, हे कबूल. अमेरिकेत अभियंते सी. ए. पी. टर्नर १९०६ पासून असे स्लॅब बांधत होते, तरी त्यांच्या हिशेबावरचा वाद १९१४ मध्ये अशा स्लॅबच्या गणितावर निकोल्स यांनी लिहिलेल्या निबंधानंतरही पेटलेलाच होता. सूत्र नाही म्हणून मायार यांनी अंदाज बांधला नाही. १९०८ मध्ये त्यांनी स्लॅबवर भार टाकून चाचण्या घेतल्या, १९०९ मध्ये पेटंट घेतलं, मग गोदाम. टर्नर सळ्या चार दिशांना टाकत. मायार यांनी दोनच दिशांत काम भागवलं.

राहिली पन्नास वर्षं. सळी गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. काँक्रीटचा अल्कलीपणा सळीला गंजापासून जपतो; हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो घटत घटत ही घट सळीपर्यंत पोचली, तरी कोरड्या आतल्या भागात गंज फार सावकाश चढतो. गळकं छत, मिठाचं पाणी, सळीवर काँक्रीटचं अपुरं कव्हर असेल, तर मात्र वीस वर्षांतही पोपडे सुटतात. सॅन फ्रान्सिस्कोतला अर्नेस्ट रॅन्सम यांनी बांधलेला आरसीसीचा अल्वर्ड लेक पूल १८८९ चा आहे. १९०६ चा भूकंप सोसूनही तो उभा आहे.