सुखी असल्याचा दाखला

"काका, फक्त एक मिनिट बोलायचं. मनातलं. अगदी नॅचरल."

आमच्या ज्येष्ठ निवासाची मॅनेजर पोरगी मोबाईल आडवा धरून उभी होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलो होतो. खाली लुंगीच, कारण कमरेपर्यंतच घेणार असं तिनं आधी कबूल केलं होतं.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. आदल्याच दिवशी बँकेचा माणूस येऊन आम्हा सगळ्यांचे हयातीचे दाखले करून गेला होता. पाटबंधारे खात्यात 34 वर्षं फायली उलटून माझी बोटं इतकी गुळगुळीत झालीत, की अंगठ्याचं मशीन मला ओळखच देत नाही. शेवटी त्यानं मोबाईल तोंडासमोर धरला. "आजोबा, डोळ्यांची उघडझाप करा." केली. झालो जिवंत, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत. केंद्राच्या ऐंशी ओलांडलेल्या पेन्शनरांना हा दाखला ऑक्टोबरपासूनच देता येतो. सरकारलाही काही बाबतीत घाई कळते म्हणायची.

तर सोमवारी जिवंत असल्याचा दाखला झाला आणि मंगळवारी सुखी असल्याचा द्यायची पाळी आली. रविवारी पुण्या-मुंबईहून जागा बघायला 'फॅमिली' येतात, त्यांना दाखवायला आमचे अभिप्राय हवे होते. पहिल्या दाखल्याला नुसत्या पापण्या पुरल्या. दुसऱ्याला तोंड उघडावं लागतं, तिथं सांगलीच्या माणसाचं अवघड होतं.

"इथं न्हाणीघरात पाय घसरत नाही," मी सुरुवात केली.

"काका, घसरण्याचा विषय नको. पॉझिटिव्ह बोला."

"जेवण वेळेवर मिळतं."

"छान! चवीबद्दलही दोन शब्द."

मी गप्प बसलो. ती मोबाईल धरून थांबली. मी आणखी गप्प बसलो. तिनं रेकॉर्डिंग बंद केलं.

आता चवीचं सांगायचं तर आमच्या आमटीत डाळ कुठाय हे शोधायला गोताखोर लागेल. आहारतज्ज्ञ मॅडमनी तेल, मीठ आणि तिखट यांच्यावर जप्ती आणलीय. जन्मभर कांदा-लसूण चटणीवर पोसलेली माणसं आम्ही. आम्हाला दुपारी साडेबाराला दुधी भोपळा वाढतात, रात्री साडेसातला त्याचाच भाऊ दोडका. उपाय आम्हीच काढला. विट्याची माझी थोरली बहीण उन्हाळ्यात डंकावर कुटून चटणी करते, तिची एक बरणी माझ्या खोलीत असते. जेवायला जाताना रक्तदाबाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ती भरून न्यायची. टेबलाखालून डबी फिरते. 102 नंबरचे मास्तर चिमूटभर घेतात. 107 नंबरचे निवृत्त फौजदार म्हणजे एवढी वर्षं हातभट्ट्यांवर धाडी घालण्यात गेलेला माणूस, पण चमच्यानं घेतात आणि वर मॅडम येतायत का यावर नजर ठेवतात. (इथं आडनावं मागं पडतात. 'दोनशे चार पडले' म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळतं. मी दोनशे सात.)

इथं आम्ही आलो ते पाण्यामुळं. घर सांगलीत, गावभागात. पावसाळ्यात आमच्याकडं कुणी 'कसे आहात' विचारत नाही, 'आयर्विनला किती?' विचारतात. 1929 सालचा तो पूल, त्याच्याशी पाणी किती फूट लागलंय त्यावर गावाचं जेवणखाण ठरतं. 40 ला इशारा, 45 ला धोका. 2005 साली आम्ही सामान माळ्यावर टाकून वाचवलं. 2019 साली त्याच हुशारीनं माळा भरला आणि पाणी 57 फुटांवर गेलं. माळ्यासकट सगळं कृष्णार्पण. बोटीतून निघालो तेव्हा माझ्या मांडीवर पेन्शनची फाईल होती, हिच्या मांडीवर लोणच्याची बरणी. 2021 ला पुन्हा तेच. मुलगा म्हणाला, "बाबा, आता बास."

त्याच्याकडं पुण्यात तीन महिने राहून बघितलं. अकराव्या मजल्यावर पुराची भीती नव्हती, माणसांचीही नव्हती. मग मिरजेकडच्या अंगाला, चढावर ही जागा निघाली. मुलानं सोयी मोजून दाखवल्या. दारांना उंबरा नाही, भिंतींना कठडे, रात्री नर्स, अनामत रक्कम सोडून गेल्यास परत. 'सोडून' म्हणजे कुठं, ते आम्ही विचारलं नाही. मी फक्त एवढंच विचारलं, "कोयनेतून पाणी सोडलं तर?" मॅनेजर पोरगी तासगावकडची, तिला प्रश्न कळला. मुलाला नाही कळला.

नातेवाइकांना मात्र 'सीनियर लिव्हिंग' हा शब्द अजून पचलेला नाही. 'वृद्धाश्रम' म्हणायचं आणि मग जीभ चावायची. विट्याची ताई पहिल्यांदा आली ती गेटपासूनच डोळ्याला पदर लावून. "पोटच्या पोरानं टाकलं रे तुला!" तिला चहा दिला, खोली दाखवली, लिफ्टमधून वर-खाली दोनदा फिरवून आणलं. पदर डोळ्यावरून सुटला, पण कमी काहीतरी सापडायलाच पाहिजे होतं. "दारात तुळस नाही!" पुढच्या खेपेला एसटीतून मांडीवर कुंडी घेऊन आली. तिचं बघून बाकीच्यांनी मागवल्या. महिनाभरात व्हरांड्यात एवढ्या तुळशी झाल्या, की व्हीलचेअर वळेना आणि नोटीस लागली. कुंड्या आता गच्चीवर आहेत. रोज संध्याकाळी लिफ्टला दिवे घेतलेल्या बायकांची रांग लागते.

आता एकाच गोष्टीचे दोन अभिप्राय कसे होतात ते सांगतो. न्हाणीघरात एक लाल दोरी लोंबते. मला वाटलं, कपडे वाळत घालायची सोय. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ओला बनियन तिच्यावर टाकला आणि दाढीला बसलो. दोन मिनिटांत दार उघडून एक नर्स, दोन पोरं आणि एक व्हीलचेअर आत. मी तोंडाला फेस लावून उभा. फेस बघून नर्सनं काय समजायचं ते समजलं. खोलीतनं बाहेर काढेपर्यंत 'दोनशे सात गेले' ही बातमी तळमजल्यापर्यंत पोचली होती आणि फौजदार पंचनामा केल्यासारखे जिन्यात उभे.

हा प्रसंग मी मुलाला तक्रार म्हणून सांगतो. ही तोच त्याला कौतुक म्हणून सांगते. "अरे, दोन मिनिटांत धावून आले! गावभागात तुझे बाबा ओरडले असते तर शेजारच्यांना वाटलं असतं, रोजचंच आहे."

मुलाचाही व्हिडिओ कॉल दर रविवारी असतो. "बाबा, सगळं ठीक ना?" हा प्रश्न तो असा विचारतो, की 'नाही' म्हणायला जागाच राहत नाही. त्याच्या घशात काहीतरी अडकलेलं असतं, ते मला इथनं दिसतं. मग मी म्हणतो, "झकास!" तोही हुश्श करतो आणि दोघं मिळून कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर बोलतो.

आमच्यातला खरा सुखी प्राणी म्हणजे ही. सकाळी भजन, दुपारी कॅरम, संध्याकाळी दिव्याची रांग. मी जेवणाला नावं ठेवली की माझ्याकडं बघते आणि म्हणते, "46 वर्षं रोज सकाळी विचार केला, आज भाजी काय. आता ते दुसरं कुणीतरी ठरवतंय. दुधी असला तरी मला गोडच लागतो." यावर मला काही बोलता येत नाही. 46 वर्षांत तो विचार मी एकदाही केला नव्हता.

माझा विरंगुळा म्हणजे एसटी. 75 नंतर तिकीट लागत नाही, म्हणून मी महिन्यातून दोनदा सांगलीत उतरतो. हिला अर्धं तिकीट पडतं, तेही तिला महाग वाटतं. गेटवरच्या रजिस्टरात 'बाहेर जाण्याचे कारण' असा रकाना आहे. बाकीचे 'दवाखाना' किंवा 'बँक' लिहितात. मी 'भडंग' लिहितो. वॉचमननं हरकत घेतली नाही, फक्त परत येताना हात पुढं करतो.

तर अभिप्राय. चौथ्या वेळी मी मनापासून बोललो. "इथं छान आहे. पण आमटी पातळ आहे, आणि संध्याकाळी सात ते साडेसात फार लांब असतात, आणि पाऊस लागला की अजून झोपेतनं उठून आयर्विनला किती झालं ते बघतो." पोरगी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खूप छान झालं, काका."

रविवारी व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांच्या मोबाईलवर गेला. त्यात मी एकदाच दिसतो, चार सेकंद. "इथं छान आहे." 'पण' कापला होता. मुलाचा लगेच फोन, "बाबा, किती खूश दिसताय!"

तासाभरानं आहारतज्ज्ञ मॅडम दारात. त्यांनी माझं बोलणं ऐकलंच नव्हतं. माझ्या खांद्यामागं, फडताळावर, बरणी होती. लालभडक, स्वच्छ उजेडात. बरणी जप्त झाली. फौजदारांनी जिन्यातून पाहिलं आणि ओळख न दाखवता निघून गेले.

रात्री विट्याहून फोन आला. मला वाटलं, ताईला गहिवरून आलं असणार.

"बघितलं तुझं," ती म्हणाली. "मेल्या, बरणीचं झाकण उघडं टाकतोस होय? गाठी धरतील की चटणीला!"