असुरांची बाजू : एका काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, सप्रेम नमस्कार.

'असुरांची बाजू' या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच खरमरीत लिहिलंत. 'धन्यवाद, मताचा आदर आहे' एवढ्यावर भागवणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : राक्षसांचा कळवळा ही हल्लीची फॅशन आहे, तीही बाहेरून आलेली. आज रावणाचे गोडवे गाणारे उद्या महिषासुराची आरती करतील. अहिल्यादेवींच्या इंदुरात, मराठी घरात वाढून असं लिहायला जीभ कशी रेटते? आणि जाता जाता टोमणा, 'मग यंदा दसरा मैदानावर पाऊल ठेवू नका.'

रावणापासून सुरू करते, कारण तिथे आपलं फारसं भांडण नाहीच. 'रावणाने सीतेला बोटही लावलं नाही, केवढा हा सभ्यपणा!' असा मेसेज दर दसऱ्याला व्हॉट्सॲपवर फिरतो. मला तो वाचून संताप येतो. उत्तरकांडात रंभेची कथा आहे. तिच्यावर रावणाने बळजबरी केली, तेव्हा तिचा प्रियकर, कुबेराचा मुलगा नलकूबर, याने शाप दिला की पुन्हा एखाद्या स्त्रीवर तिच्या मनाविरुद्ध हात टाकलास तर मस्तकाची सात शकलं होतील. ज्याच्या मानेवर असा शाप आहे, त्याच्या सभ्यतेचं कौतुक कसलं? तेव्हा रावणाचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही.

पण त्याच रामायणात युद्ध संपल्यावर काय घडतं तेही बघा. बिभीषण भावाला अग्नी द्यायला तयार नसतो. परस्त्रीला हात घालणाऱ्या, धर्म सोडलेल्या माणसाचे संस्कार मी का करायचे, असं त्याचं म्हणणं. राम त्याला सांगतो, 'मरणान्तानि वैराणि'. वैर मरणाबरोबर संपलं, कार्यही झालं, आता याचे संस्कार कर, हा जसा तुझा तसाच माझाही. ज्याची बायको पळवली तो हे बोलतोय, काका! माझ्या लेखातली कणव याच्यापुढे एक पाऊलही गेलेली नाही.

आता 'बाहेरून आलेली' या आरोपाकडे. सकाळी उठून सात चिरंजीवांची नावं घ्यायची आपल्याकडे पद्धत. त्या सातांत बळी आहे आणि बिभीषणही आहे, म्हणजे एक दैत्य आणि एक राक्षस. पंचकन्यांच्या श्लोकात सीता, द्रौपदीच्या ओळीत मंदोदरी बसली आहे. हे श्लोक काही परवा कोणी इंटरनेटवर घुसडलेले नाहीत. मुळात देव आणि दैत्य दोघेही कश्यपाची मुलं, एक अदितीची, दुसरे दितीचे. सामायिक इस्टेटीवरून चालते तशीच ही भाऊबंदकी. समुद्रमंथनात दोघांनी मिळून दोर ओढला. वासुकीच्या तोंडाकडे दैत्य होते, विषारी फूत्कार त्यांनी सोसले, आणि वाटपाच्या वेळी अमृताचा कलश भलतीकडेच गेला. हे मी रचलेलं नाही. पुराणकारांनी स्वच्छ लिहून ठेवलंय, लपवावंसं त्यांना वाटलं नाही.

माझा जीव गुंततो तो बळीत. भागवताच्या आठव्या स्कंधातला तो प्रसंग सावकाश वाचून बघा. गुरू शुक्राचार्य कानीकपाळी ओरडत असतात, हा बटू साधा नाही, शब्द फिरव. बळी म्हणतो, प्रल्हादाचा नातू मी, दिलेला शब्द फिरवणार नाही. गुरू शाप देतात, तो घेतो. दोन पावलांत सगळं राज्य जातं, गरुड त्याला वरुणाच्या पाशांनी बांधतो, सैनिक शस्त्रं उचलतात तर हाच त्यांना आवरतो. मग तिसरं पाऊल माझ्या मस्तकावर ठेव म्हणतो. आणि पुढे काय? खुद्द ब्रह्मदेव त्याच्या सुटकेसाठी रदबदली करतो. विष्णू म्हणतो, ज्याच्यावर मी कृपा करतो त्याचं वैभव आधी काढून घेतो. सुतलात बळीच्या दारावर गदा घेऊन राहायचंही तोच कबूल करतो आणि पुढच्या मन्वंतराचं इंद्रपद बळीला देतो. हरलेल्याच्या दारी जिंकणारा राखणदार! फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त बळीची कथा पार वेगळ्या अंगाने मांडली. ती तुम्हाला रुचणार नाही हे मी धरून चालते. पण ती बाजूला ठेवली तरी 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणारी आजी उरतेच ना? तिला कुठली फॅशन लागली होती?

आणि अहिल्यादेवींचं नाव तुम्ही काढलंत म्हणून बोलते. होळकरांचं कुलदैवत खंडोबा. आपल्या राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे, चंपाषष्ठीला आपल्याकडे भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, भंडारा ठेवून घरातले चारपाच जण तळी उचलतात, 'सदानंदाचा येळकोट' म्हणून खाली ठेवतात, पुन्हा उचलतात. सगळ्यांची कपाळं पिवळी. हा उत्सव मणी-मल्ल दैत्यांच्या वधाचा. पण कथेत मणी शरण येतो, आपला पांढरा घोडा देवाला देतो आणि देवाजवळ जागा मागतो. जेजुरीच्या गडावर त्याची मूर्ती आहे, खंडोबाला निघालेले भाविक तिलाही हात जोडतात. मल्लाने आपलं नाव देवाच्या नावाआधी यावं असं मागितलं आणि म्हणून देव 'मल्हारी' झाला, अशीही कथा सांगतात. होळकरांच्या मूळ पुरुषाचं नाव मल्हारराव होतं, एवढी फक्त आठवण करून देते.

महिषासुराच्या आरतीचं म्हणाल तर देशावर कितीतरी गावांच्या शिवेवर शेंदूर माखलेला म्हसोबा बसलाय. तो महिषासुरच की आणखी कोणी, ते विद्वानांनी ठरवावं. नारळ मात्र नेमाने फुटतो.

राहता राहिला दसरा. दसरा मैदानावर मी येणार, पोरांना घेऊन येणार, रावण पेटला की टाळ्याही वाजवणार. मंदसौरला खानपुऱ्यात रावणाची मोठी मूर्ती आहे. मंदोदरी तिथली लेक मानतात, म्हणून हा जावई, आणि बायका त्याच्यापुढे पदर घेतात. नामदेव समाजाचे लोक दसऱ्याला सकाळी त्याची पूजा करतात, संध्याकाळी त्याचाच प्रतीकात्मक वध करतात. त्यांना यात काही विसंगत वाटत नाही, मलाही नाही. तुम्हाला वाटत असेल तर तसं पुन्हा लिहा. प्रतिक्रिया मी काढून टाकत नाही.