दीड मिलिमीटरचा पसारा

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा खालचा ठोकळा (ब्लॉक) आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधली गळती रोखणारी चकती. ते हातात घेतलं तर फारसं काही वाटत नाही. पोलादी पत्र्याचे एकमेकांवर बसवलेले थर, त्यात सिलिंडरची मोठी भोकं, तेलापाण्याची बारकी भोकं आणि सगळं मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. आमच्या डिझेल ट्रकचं हे गॅस्केट गेलं, तेव्हा "जुना पत्रा काढायचा, नवा ठेवायचा," असं मी घरात जाहीर केलं. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची, उभी हयात मशीन शॉपमध्ये गेली आहे. ते थोडा वेळ ट्रककडे बघत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, हत्यारं काय काय आहेत?"

मी पेटी उघडली. मामांनी आत डोकावून पाहिलं आणि झाकण हलकेच लावून टाकलं. "सायकलला पुरेल."

डिझेल इंजिनाशी पंगा घेताना एक हिशेब लक्षात ठेवावा लागतो. पेट्रोल इंजिन हवा साधारण 10 पट दाबतं, तर डिझेल 16 ते 20 पट. ठिणगी नाहीच, दाबानेच हवा इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. हा स्फोट, त्याच्या शेजारून वाहणारं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट आणि पलीकडचं तेल या तिघांची आपसात गाठ पडू नये ही जबाबदारी त्या पत्र्याची. त्यामुळे हेड ब्लॉकवर असं काही आवळलेलं असतं की ते परत निघावं अशी बनवणाऱ्याची इच्छा नसावीच.

बरं, गॅस्केट गेलंय हे सिद्ध करायलाही हत्यार लागतं. कूलंट कमी होतंय पण जमिनीवर थेंब नाही, त्याच्या टाकीत बुडबुडे, सायलेन्सरातून पांढरा धूर, एवढा पुरावा मला पुरेसा होता. मामांना नव्हता. त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर बसवायची एक नळी आणायला लावली. तिच्यात निळा द्रव असतो. कूलंटमध्ये जळका वायू शिरत असेल तर त्याचा रंग पालटतो. पालटला. मामांचा चेहरा उजळला, माझा उतरला.

मग सर्व्हिस मॅन्युअल. यात हत्यारांची यादी असते आणि निम्म्या हत्यारांना नावच नसतं, नुसता नंबर असतो. 'विशेष हत्यार क्रमांक अमुक-अमुक वापरून इंजेक्टर काढावा.' इंजेक्टर म्हणजे डिझेल फवारणारी तोटी. पण त्या नंबरची वस्तू कशी दिसते, तिला चालेल असं दुसरं काय, याबद्दल मौन. यादीतून जे वगळावं ते रुसलेल्या नातेवाइकासारखं ऐन वेळी अडून बसतं. पुन्हा या मॅन्युअलचा लेखक खोलण्यावर पानंच्या पानं खर्च करतो आणि जोडणीपाशी येऊन लिहितो, 'उलट क्रमाने जोडावे'. एका वाक्यात! या गृहस्थाने स्वतः कधी काही उलट क्रमाने जोडलं असेल असं मला वाटत नाही.

गोटी पान्यांचा मिलिमीटरचा पूर्ण सेट, खोल गोट्या, चांदणीच्या तोंडाच्या गोट्या, एक्स्टेन्शन, वाकडं वळणारा सांधा, लोहचुंबकाची लांबणारी काडी: हे सगळं लागतंच, त्यावर जास्त बोलायला नको. इंजेक्टर मात्र काजळीने असा धरून बसतो की त्याला बाहेर काढायला सरकत्या वजनाचा पुलर हवा. आणि डिझेलची नळी सोडवली की तिच्या तोंडाला लगेच टोपण. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, दाब 1600 बार (हवेच्या दाबाच्या साधारण 1600 पट) आणि त्याच्याही वर जातो. तिथे धुळीचा एक कण म्हणजे नवीन इंजेक्टर. आमच्या घरातल्या झाडून सगळ्या पेनांची टोपणं तेव्हा गायब झाली होती असा माझ्यावर आरोप आहे. तो खोटा आहे. टोपणांचा सेट मी वेगळा आणला होता. पेनांची टोपणं पुरली नसती.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं हत्यार म्हणजे पुठ्ठा. पुशरॉड, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, ज्या जागेवरून निघाला त्याच जागी परत गेला पाहिजे. म्हणून पुठ्ठ्याला ओळीने भोकं पाडायची, नंबर घालायचे आणि एकेक रॉड खोचून ठेवायचा. "याला हात लावू नका" असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं. घरात असं लिहिलेल्या वस्तूला प्रत्येकजण हात लावून बघतो, म्हणून पुठ्ठा कपाटावर.

हेडचे बोल्ट सोडवताना दोन्ही टोकांकडून मध्याकडे यायचं आणि आवळताना मधून बाहेर जायचं. उलट केलं तर हेड वाकडं होतं. सोडवायला लांब दांडा. "दांडा लांब घ्या, राग आखूड ठेवा," इति मामा. पहिला बोल्ट सुटताना असा कडाडला की मी बोल्ट तुटला म्हणून डोळे मिटले. तुटला नव्हता. बोल्ट असेच बोलतात म्हणे.

हेड उचलणं हा वेगळा अध्याय. सहा सिलिंडरचं ओतीव लोखंडी हेड 50 किलोच्या पुढे सहज जातं आणि ते बॉनेटमध्ये ओणवं होऊन, हात लांब करून उचलायचं म्हणजे पाठीचं गॅस्केट उडालंच. मी "दोघं मिळून उचलू" म्हणालो, तर मामांनी आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि इंजिनची क्रेन मागवली. बायको दारातून म्हणाली, "अहो, आता क्रेन पण?" तिला मी सांगितलं की काही पिकअप ट्रकांत इंजिन इतकं आत दडलेलं असतं की गॅरेजवाले आख्खी केबिनच उचलून बाजूला ठेवतात, त्या मानाने आपलं सुटसुटीत आहे. यावर ती दार लावून आत गेली.

हेड निघाल्यावर सफाई. एका हितचिंतकाने ग्राइंडरला लावायची खरखरीत चकती आणून दिली, "दोन मिनिटांत चकाचक!" मामांनी ती त्यांच्या हातात परत दिली. त्या चकतीची भुकटी तेलात उतरते आणि इंजिनचे बेअरिंग खाते. मग बोथट प्लॅस्टिकची पट्टी, स्प्रे आणि चिंध्या. तासन् तास.

त्यानंतर बोल्टची भोकं. बंद बुडाच्या भोकात कूलंट किंवा तेल साचून राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, तर आतला द्रव दाबला जात नाही आणि त्याला जायला वाट नसते, ब्लॉकला चीर जाऊ शकते. म्हणून आटे साफ करायचा चेझर फिरवायचा आणि कॉम्प्रेसरच्या हवेने प्रत्येक भोक फुंकायचं. पहिल्या फुंकीला भोकातलं काळं पाणी थेट वर आलं. चष्मा हे हत्यारच आहे, यादीत लिहा.

आता सपाटी. हेडवर पोलादी सरळ पट्टी उभी, आडवी, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे धरायची आणि खालून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापाची, पात सरकवून बघायची. साधा कागद 0.1 मिलिमीटरच्या आसपास असतो. इथे त्याच्या निम्म्या जाडीची, 0.05 ची पात. मर्यादा मॅन्युअल सांगेल ती, पण मामांना 0.05 देखील शिरलेली खपत नव्हती. एका ठिकाणी शिरली. हेड फेसिंगला, म्हणजे तासून सपाट करायला, गेलं आणि तिथेच चीर नाही ना हे दाबाने तपासून आलं.

मला वाटलं, आता तरी पत्रा ठेवू. पण अनेक डिझेल इंजिनांना गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतं आणि कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून जाडी ओळखायची असते. कुठलं घ्यायचं? पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या पातळीवर किती डोकावतो ते बघून. ते मोजायला काट्याची तबकडी, डायल गेज. प्रत्येक पिस्टन मोजायचा आणि जो सगळ्यात जास्त डोकावतो त्याचं ऐकायचं. जगाची रीतच आहे.

आणि मग हत्यारांचा राजा, टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला हे सांगणारा पाना. बाकी कशातही जुगाड चालेल, यात नाही. नवे बोल्ट घ्यायचे, कारण पुष्कळ इंजिनांत ते एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात. आधी ठरलेले न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप), क्रमाने, टप्प्याटप्प्याने. मग न्यूटन-मीटर संपतात आणि अंश सुरू होतात: आणखी 90, पुन्हा 90. त्यासाठी कोनमापकाची चकती. शेवटच्या 90 अंशांत मी दांड्याला अक्षरशः लोंबकळत होतो आणि मामा चकतीवर डोळा ठेवून "अजून... अजून... किंचित... बास!" करत होते. त्या "किंचित" मध्ये माझा खांदा गेला.

ट्रक चालतोय. टाकीत बुडबुडे नाहीत. पण खरा मनस्ताप पुढेच आहे. घरात टॉर्क रेंच आहे ही बातमी फुटली. परवा एकजण जाम झालेला चाकाचा नट सोडवायला तो मागायला आले. सोडवायला! टॉर्क रेंच आवळायला असतो, आणि काम झाल्यावर तो सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून, डब्यात घालून ठेवायचा असतो. क्रेन न्या, पुलर न्या, पुठ्ठासुद्धा न्या म्हटलं. टॉर्क रेंच सध्या तपासणीला गेलाय. कधी येणार ते मामांना विचारा.