वलंदाज की गोलंदाज?

संध्याकाळी निघायच्या बेतात असताना साहेबांनी एक तक्ता पाठवला. ऑनलाइन परिषदेला येणारे २३ जण. नाव, हुद्दा, देश सगळं भरलेलं. "शेवटचा रकाना तेवढा भरा, राष्ट्रीयत्व. पाच मिनिटांचं काम आहे." पाच मिनिटांच्या कामांनी माझ्या आयुष्याची किती वर्षं खाल्ली, याचाही एकदा तक्ता करायला हवा.

मी देशाचा रकाना उचलला, शेजारी चिकटवला आणि पिशवी खांद्याला लावली. तक्ता परत. "अहो, जपान हा देश झाला. जपानी लिहा."

बरं. जपानला ‘ई’ लावली. इराणी, नेपाळी, चिनीही पटापट झाले. हात बसतोय म्हणेस्तोवर रशिया आला. ‘रशियी’ लिहिलं आणि स्वतःचेच दात आंबल्यासारखं झालं. म्हणजे इथे ‘अन’. स्पेनला ‘इश’. ग्रीसचा ग्रीक, फ्रान्सचा फ्रेंच. हे तर कुठलाच नियम न पाळता घरात शिरलेले. त्यापेक्षा आपला ‘कर’ किती सोयीचा! गावाला लावला की माणूस तयार. मी ‘फिजीकर’ लिहूनही पाहिलं. पण तो गृहस्थ एकदम नात्यातलाच वाटायला लागला, म्हणून खोडलं.

नायजेरियाचा नायजेरियन, हे सोपं. मग त्याच्या शेजारच्या नायजरचा कोण? बोट्स्वानाचा एक माणूस मोत्स्वाना आणि अनेक असले की बात्स्वाना. म्हणजे आधी माणसं मोजायची, मग त्यांना काय म्हणायचं ते ठरवायचं. किरिबाटीचा उच्चार तर तिथले लोक ‘किरिबास’ असा करतात. तिथून कोणी येणार नव्हतं, हे त्या दिवसातलं एकमेव सुख.

नेदरलँड्सपाशी मात्र मला उगाच मराठीचा पुळका आला. ‘डच’ काय सगळेच लिहितात. जुन्या मराठी कागदपत्रांत फ्रेंच माणूस ‘फरासीस’ आणि डच माणूस ‘वलंदाज’. ठसक्यात ‘वलंदाज’ लिहिलं. दोन मिनिटांत फोन.

"गोलंदाजचं चुकून वलंदाज झालंय. आणि हुद्दा या रकान्यात कशाला?"

शेवटी ठरवलं, ज्याचं त्यालाच विचारू. सगळ्यांना पत्र धाडलं. एका वयस्कर बाईंचं उत्तर आलं : कुठलं हवंय, देशाचं की वंशाचं? त्या सोव्हिएत संघात वाढलेल्या. तिथल्या पासपोर्टात राष्ट्रीयत्वाची वेगळी ओळ असे आणि तिच्यात देश नव्हे, तर माणूस रशियन, युक्रेनियन, ज्यू यांपैकी कोण, ते लिहिलेलं असे. चीनमध्येही अशी ५६ ‘राष्ट्रीयत्वं’ सरकारदरबारी मान्य आहेत आणि ती सगळी एकाच देशात नांदतात. मी साहेबांना म्हटलं, "त्यापेक्षा ‘नागरिकत्व’ लिहू या." पण तेही धड नाही. अमेरिकन सामोआत, म्हणजे अमेरिकेच्याच ताब्यातल्या बेटांवर, जन्मलेला माणूस जन्माने अमेरिकेच्या राष्ट्रीयत्वाचा असतो, तेवढ्याने नागरिक मात्र होत नाही. हे ऐकून साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. फोन कट झालाय असं मला वाटलं.

"अहो, पण माणसाला स्वतःचं तरी माहीत असतं ना?"

नेहमी नाही. सर्गेई क्रिकालेव्ह हे अंतराळवीर मे १९९१ मध्ये मीर स्थानकावर गेले, तेव्हा सोव्हिएत होते. मार्च १९९२ मध्ये उतरले, तेव्हा तो देशच शिल्लक नव्हता. वर बसल्या बसल्या माणसाचा रकाना बदलला.

"त्यांना बोलावलंय का आपण?"

"नाही."

"मग पुढे चला."

पुढे एकाची दोन राष्ट्रीयत्वं निघाली. रकाना अरुंद, दुसरं मावेना. या बाबतीत विमानं बरी. त्यांनाही राष्ट्रीयत्व असतं, पण १९४४ च्या शिकागो करारानुसार विमानाची नोंद एका वेळी एकाच देशात चालते. जहाज ज्या देशाचा झेंडा लावतं, त्या देशाचं. विमान, जहाज कुणाला उलट पत्र लिहीत नाही.

आणि बाविसाव्या ओळीतल्या गृहस्थांनी लिहिलं होतं : माझं कुठलंच नाही. मला वाटलं, चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. कुठलाच देश आपला म्हणत नाही अशी माणसं असतात. राष्ट्रीयत्व हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या १५ व्या कलमात १९४८ पासून लिहिलेलं आहे. माझ्या तक्त्याने मात्र ती चौकट लाल केली आणि ‘ही माहिती आवश्यक आहे’ असं दटावलं. मी तिथे एक आडवी रेघ ओढली. ती दिसायला फार लांब दिसत होती.

रात्री साडेआठला तक्ता गेला. साहेबांनी लगेच बेरीज केली. माणसं २३, राष्ट्रीयत्वं २३. खूश झाले. मग त्यांना ती रेघ दिसली, आणि वरची दोनवाली चौकटही दिसली.

"अहो, त्यांच्याकडे एक जास्तीचं आहे ना?" साहेब म्हणाले. "मग ते यांच्या रकान्यात टाका. बेरीज तीच राहते."