रत्नागिरी म्हणजे गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा थांबा नव्हे

दिवाळी सरली की आम्हा रत्नागिरीकरांच्या घरी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचा राबता सुरू होतो. कोल्हापूरकर आंबा घाट उतरून जेवणाच्या वेळेला पोहोचतात, मुंबईकर कोकण रेल्वेने येतात, आणि घर भरले की आम्हालाही बरे वाटते. माझी तक्रार पाहुण्यांबद्दल नाही, ते घरून करून आणतात त्या यादीबद्दल आहे. शनिवारी संध्याकाळी गणपतीपुळे, रविवारी सकाळी जयगड, परतताना मालगुंड, आणि वेळ उरलाच तर रत्नागिरी शहर! तो वेळ कधीच उरत नाही. बरोबर म्हातारी माणसे आणि लहान मुले असतील, तर दोन दिवसांपैकी एक पूर्ण दिवस शहरासाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

थिबा राजवाड्याचेच पाहा. बहुतेक कुटुंबे तेथे पाऊण तास घालवतात, त्यातला निम्मा वेळ फोटोंत जातो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा 1885 च्या युद्धात इंग्रजांकडून हरला आणि पुढच्या वर्षी त्याला राणी सुपयालत आणि मुलींसह रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले. तेव्हा तो जेमतेम सत्ताविशीत होता. हा राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये आणि राजा वारला 1916 मध्ये. म्हणजे ज्या वास्तूला आपण त्याचे घर म्हणतो, तिच्यात तो फक्त सहा वर्षे राहिला आणि त्याआधीची चोवीस वर्षे त्याने याच गावात भाडेकरूसारखी काढली. ज्या इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशाह जफरला 1858 मध्ये रंगूनला धाडले, त्यांनीच मंडालेच्या राजाला आमच्याकडे पाठवले, हे मुलांना तेथे उभे राहून सांगितले की इतिहासाचा धडा आपोआप समजतो. गेल्या हिवाळ्यात माझी मावशी आली होती. अर्धवर्तुळाकार लाकडी खिडकीपाशी ती बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "अरे, एवढा मोठा वाडा बांधून दिला, पण माणसाला आपल्या गावी जाऊ दिले नाही, मग त्याचा उपयोग काय?" माझ्या मते राजवाड्याबद्दल याहून नेमके मी कोणाकडून ऐकलेले नाही. राजाच्या मृत्यूनंतर 1919 मध्ये कुटुंबाला मायदेशी जाऊ दिले, तरी थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीतच येऊन राहिली. राजाची समाधीही याच शहरात आहे. राजवाडा पाहणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तिकडे वळतात, याचे मला वाईट वाटते.

टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान आणि भागोजीशेठ कीर यांनी पदरचा पैसा घालून उभारलेले पतितपावन मंदिर ही दोन्ही ठिकाणे शहरातच आहेत. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, 1931 मध्ये, हे मंदिर सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झाले. येथे दर्शन घेऊन पुढे पळण्यापेक्षा, त्या काळात सर्वांनी एका गाभाऱ्यापुढे उभे राहणे किती अवघड होते, हे घरातल्या थोरांनी नातवंडांना सांगावे.

मुलांचा खरा जीव रमतो तो रत्नदुर्गावर. तीन बाजूंनी समुद्र, घोड्याच्या नालेसारखा आकार, आत भगवतीचे देऊळ आणि खाली मिरकरवाडा बंदरात दाटीने उभ्या असलेल्या होड्या. गाडी बरीच वरपर्यंत जाते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनीही घाबरू नये. मात्र पुढच्या पायऱ्या त्यांनी सावकाश चढाव्यात आणि भर दुपारी तर मुळीच चढू नयेत, कारण जांभा तापला की अनवाणी माणसाला पाय टेकवत नाही.

समुद्राबाबत मी थोडा कडक बोलतो, कोणी राग मानू नये. मांडवीची वाळू काळसर आहे, भाट्याला सुरूची सावली आहे आणि दोन्हीकडे म्हाताऱ्यांना निवांत बसता येते. असे असताना ओळखीच्या नसलेल्या, लाटांचा जोर असलेल्या किनाऱ्यावर मुलांना कमरेएवढ्या पाण्यात सोडून कडेला मोबाइल बघत बसणे हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. भरती कधी आहे, हे घरच्या माणसाला किंवा एखाद्या कोळ्याला विचारायला मिनिटभरही लागत नाही, आणि ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते, ही गोष्ट घाटावरून आलेल्या पाहुण्यांना कोणीतरी सांगावीच लागते.

जेवणाची चिंता नको. साध्या खानावळीत बांगडा, तिसऱ्या, सोलकढी मिळते आणि शाकाहारी मंडळींसाठी कुळथाचे पिठले व तांदळाची भाकरी आहेच. फक्त जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरू नये.

गणपतीपुळ्याला जाऊ नका, असे मी म्हणत नाही. आरे-वारेच्या सागरी रस्त्याने ते पंचवीसेक किलोमीटरवर आहे. रविवारी पहाटे निघालात तर दर्शन आटोपून, रांगेत ताटकळत न बसता, दुपारच्या जेवणाला परत घरी येता येते. आमच्याकडे यायचे ठरवाल तेव्हा शनिवार शहराला द्यायचा, एवढे मात्र आधीच कबूल करा.