‘कॅप आहे ना, मग फिक्स कशाला?’ ब्रिटनमधल्या वीज-गॅस बिलाबद्दलचा अर्धवट सल्ला

ब्रिटनमध्ये नव्याने घर मांडणाऱ्याला हा सल्ला हटकून मिळतो आणि मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांतही तोच फिरतो. थोडक्यात असा: ऑफजेम या नियामकाने वीज-गॅसच्या बिलावर वर्षाला 1,755 पौंडांची कॅप (कमाल मर्यादा) घातली आहे, त्यावर कंपनी एक पेनीही घेऊ शकत नाही. तेव्हा फिक्स्ड टॅरिफ (मुदतभर दर न बदलणारा करार) घेणं म्हणजे कंपनीची धन करणं. यातला आकडा खरा होता, पण ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 या तिमाहीपुरता. घोटाळा पुढे आहे.

‘वर्षाचं बिल 1,755 च्या वर जात नाही’

जातं, आणि बिनदिक्कत जातं. कॅप दरावर आहे, बिलावर नाही. दर दोन: युनिटचा (इथे गॅसही विजेसारखाच किलोवॅट-तासाच्या युनिटांत विकतात), आणि रोजचा ठरलेला स्टँडिंग चार्ज. त्या तिमाहीत डायरेक्ट डेबिटने, म्हणजे बँकेतून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याने पैसे भरणाऱ्यांसाठी सरासरी कमाल दर असे होते: विजेला युनिटमागे 26.35 पेन्स आणि रोजचे 53.68 पेन्स; गॅसला युनिटमागे 6.29 पेन्स आणि रोजचे 34.03 पेन्स. 5 टक्के व्हॅट त्यातच आला. वर्षाला 2,700 युनिट वीज आणि 11,500 युनिट गॅस जाळणारं एक कागदावरचं घर धरायचं, हेच दर वर्षभर टिकले असं मानायचं, की उत्तर येतं 1,755.

आता ऑफजेमनेच तेव्हा ‘कमी वापर’ म्हणून धरलेलं घर घ्या: 1,800 युनिट वीज, 7,500 युनिट गॅस. त्याच दरांनी बिल येतं साधारण 1,266 पौंड. ‘जास्त वापरा’च्या घराचं, म्हणजे 4,100 आणि 17,000 युनिटचं, साधारण 2,470. कॅप दोघांनाही तीच. एकही युनिट न वापरणाऱ्यालाही त्या दरांनी वर्षाचे 320 पौंड भरावेच लागतात. डिसेंबरात घराला कुलूप लावून सहा आठवडे पुण्याला गेलात, तरी त्या दरांनी सुमारे 37 पौंड चढतात.

शिवाय हे दर सरासरी आहेत. देशाचे चौदा विभाग पाडले आहेत आणि प्रत्येकाची कॅप वेगळी. बिल आल्यावर पैसे भरणाऱ्यांची कॅप डायरेक्ट डेबिटपेक्षा चढी असते. प्रीपेमेंट मीटरची (आधी पैसे भरून वापरायचा) आणि इकॉनॉमी सेव्हनची (रात्री स्वस्त वीज देणारं टॅरिफ) आणखी वेगळी. उत्तर आयर्लंडला ही कॅप लागूच नाही.

महाराष्ट्रातून आलेल्यांच्या डोक्यात स्लॅब असतो: शंभर युनिट ओलांडले की दर चढला, तीनशेला पुन्हा चढला. इथल्या नेहमीच्या टॅरिफला तसं काही नाही. पहिलं युनिट आणि चारहजारावं युनिट एकाच भावाने. त्यामुळे ‘अमुक युनिटच्या आत राहा’ हा सल्ला इथे बाद.

‘कॅप आहे म्हणजे दर आता हलणार नाही’

1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर: दर तिमाहीला हलतो. 2019 साली कॅप आली तेव्हा बदल वर्षातून दोनदा व्हायचा. ऑक्टोबर 2022 पासून चारदा. ऑक्टोबर 2021 मध्ये 1,277 वर असलेली कॅप एप्रिल 2022 मध्ये एका झटक्यात 1,971 झाली, 54 टक्क्यांची वाढ. ज्यांनी आधी फिक्स केलं होतं, ते त्या दिवशी निवांत होते.

‘फिक्स कधीच परवडत नाही’

हे उलटंही घडलेलं आहे, म्हणूनच ठोकून सांगता येत नाही. जानेवारी 2024 मध्ये कॅप 1,928 होती, एप्रिलमध्ये 1,690 झाली, जुलैत 1,568. जानेवारीच्या भावाने वर्षाचं फिक्स घेतलेला माणूस त्यात फसला. फिक्सवर कॅपचं बंधन नसतं. कंपनी कॅपपेक्षा महाग फिक्सही विकू शकते. म्हणून हिशेब करायचा तो स्वतःच्या युनिटांवर.

समजा, 2025 च्या त्याच शेवटच्या तिमाहीत विजेची फिक्स ऑफर आहे: युनिट 25 पेन्स, स्टँडिंग चार्ज 60 पेन्स. जाहिरातीत ‘युनिट कॅपपेक्षा स्वस्त’ असं ठळक छापतील. युनिटमागे 1.35 पेन्स वाचतात हे खरं, पण रोजचे 6.32 पेन्स जास्त जातात, म्हणजे वर्षाला 23 पौंड. बरोबरी होते ती सुमारे 1,709 युनिटांवर. एकट्याने राहून 1,200 युनिट वापरणाऱ्याला वर्षाला जवळपास 7 पौंडांचा तोटा. 4,100 युनिटवाल्याला 32 पौंडांचा फायदा. ऑफर एकच.

हा हिशेबही एकाच तिमाहीच्या दराशी केलेला आहे. खरी तुलना पुढच्या चार तिमाहींशी करायला हवी, आणि तिथे लोक हमखास चुकतात. गॅसचा मोठा भाग ऑक्टोबर ते मार्चमध्येच जळतो. एप्रिलमध्ये फिक्स घेताना उन्हाळ्यात कॅप उतरेल का, याची चर्चा फार होते. पण उन्हाळ्यात हीटिंग बंदच असतं. फायदा-तोटा ठरतो तो हिवाळ्याच्या दोन तिमाहींवर. पुढची कॅप लागू होण्याच्या महिनाभर आधी जाहीर होते, तोवर आलेले अंदाज हे अंदाजच.

एक्झिट फी, म्हणजे मुदतीआधी फिक्स सोडल्याचा आकार, बहुधा इंधनामागे वेगळी असते. 50 पौंड लिहिले असतील तर वीज-गॅस मिळून 100. वर्षाला 45 पौंड वाचतील म्हणून घेतलेलं फिक्स मध्येच सोडलं, तर बचत तिथेच बुडाली. मुदतीच्या शेवटच्या 49 दिवसांत मात्र ही फी लावता येत नाही. मुदत संपल्यावर काहीच केलं नाही, तर आपण आपोआप कॅपवाल्या बदलत्या टॅरिफवर जातो, म्हणून 49 दिवस आधीची तारीख फोनवर लावून ठेवावी.

आपली कंपनी बुडाली तर फिक्सही बुडतं, हे 2021 मध्ये अनेक वीज-गॅस कंपन्या बुडाल्या तेव्हा पुष्कळांना कळलं. ऑफजेम ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे सोपवतो. वीज-गॅस तुटत नाही, खात्यातली शिल्लकही सुरक्षित राहते, पण जुना दर मिळत नाही.

‘डायरेक्ट डेबिट वाढला म्हणजे दर वाढला’

डायरेक्ट डेबिट हा हप्ता आहे, वर्षाच्या अंदाजी वापराला बाराने भागून काढलेला. दर तोच राहूनही तो वाढू शकतो, कारण अंदाज बदलतो किंवा मागची बाकी त्यात घातली जाते. स्मार्ट मीटर नसेल तर कॅप बदलायच्या आदल्या दिवशी रीडिंग द्या. नाहीतर जुन्या दराचे किती आणि नव्याचे किती, हे कंपनी अंदाजाने ठरवते.

गॅसच्या रीडिंगमध्ये एक खोच आहे. मीटर युनिट मोजत नाही, आकारमान मोजतो. घनमीटरच्या आकड्याला 1.02264 ने गुणायचं, मग बिलावर छापलेल्या उष्मांकाने (साधारण 39), आणि 3.6 ने भागायचं: एका घनमीटरला सुमारे 11 युनिट. जुना घनफुटांचा मीटर शेकड्यांत मोजतो, तिथे आधी 2.83 ने गुणावं लागतं. भाड्याच्या नव्या घरात घनमीटरचा मीटर कंपनीच्या नोंदीत घनफुटांचा म्हणून चढला असेल, तर गॅसची युनिटं जवळपास तिप्पट लागतात, आणि त्या आकड्यावर केलेली फिक्स-कॅपची सगळी तुलना चुकीची ठरते. मीटरवर घनमीटर लिहिलंय की घनफूट, ते पाहून बिलाशी ताडा. जुळत नसेल तर मीटरचा फोटो काढून कंपनीला पाठवा.