लायसन माझं, काम आण्णांचं

'ठेकेदार काळ्या यादीत' अशी बातमी आली की खाली कॉमेंटांचा पाऊस पडतो. बरं झालं, अद्दल घडली, असल्यांना आत टाका. मी अशा बातमीत एकच गोष्ट शोधतो: साइटवर प्रत्यक्ष काम कुणी केलं होतं? ते बहुतेक वेळा छापलेलंच नसतं.

ही खोड मला लागली कारण एके काळी मी स्वतःचं ठेकेदारीचं लायसन भाड्याने दिलं होतं.

२००९ साली बी.ई. सिव्हिल झालो, नोकरी नव्हती, म्हणून सुबेची नोंदणी केली. सुबे म्हणजे सुशिक्षित बेरोजगार अभियंता. सरकारी छोट्या कामांपैकी ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, ३३ टक्के आम्हा सुबेंना आणि ३४ टक्के खुल्या कंत्राटदारांना, अशी वाटणी असायची. हेतू चांगला होता. पोरांनी छोटी कामं करत धंदा शिकावा. पण काम मिळालं तरी भांडवल कुठून आणायचं? सिमेंटवाला उधारी देत नाही, आणि बिल कधी निघेल ते देवालाही ठाऊक नसतं. मग तालुक्यातले आण्णा भेटतात. मला भेटले. "तू फक्त सह्या कर. बिलाच्या पाच टक्के तुझे. टेन्शन घेऊ नकोस." एका अंगणवाडीची खोली माझ्या नावावर निघाली होती. मी चेकबुकातले चार कोरे चेक सह्या करून आण्णांच्या हातात दिले आणि घरी पेढे नेले.

एकदा साइटवर गेलो, उगाच, आपलं काम म्हणून बघायला. कॉलमचं स्टील बांधून उभं होतं. टेप नव्हता, म्हणून दोन रिंगांच्या मध्ये हात लावून पाहिला. वीतभर अंतर, काही ठिकाणी त्याहून जास्त. ड्रॉइंगमध्ये सहा इंच होतं. मिस्त्रीला म्हटलं तर तो हसला. "साहेब, रिंगा मोजत बसलात तर या अंगणवाडीतली पोरं कॉलेजात जातील." शेजारी एका बाईने वेगळं घमेलं कालवून ठेवलं होतं. हिरवट, दाट, सिमेंटने भरलेलं. ते क्यूबसाठी, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायच्या ठोकळ्यांसाठी. लॅबला जाणारे क्यूब त्या घमेल्यातून भरायचे, कॉलमला जायचं ते मिक्सरमधलं. क्यूब अर्थातच पास झाले. स्टील झाकण्याआधी त्याची मापं घेऊन एमबीत, म्हणजे सरकारी मोजमाप वहीत, लिहायची असतात. शाखा अभियंत्यांनी ती लिहिली, सही केली. माझीही सही त्यावर आहे.

इमारत पडली नाही, एवढंच नशीब. दुसऱ्या पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला. दोषदायित्वाची मुदत, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ, चालू होती, त्यामुळे दुरुस्तीची नोटीस आली. माझ्या नावाने. आण्णांकडे धावलो. "एवढंच ना? वॉटरप्रूफिंगचा माणूस पाठवतो." माणूस काही आला नाही. अनामत गेली आणि वर्षभर मला काम बंद. मी त्या शिक्षेला लायक होतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच वर्षी आण्णांनी आणखी तीन पोरांच्या लायसनवर तीन कामं केली, त्यातली एक शाळेची खोली होती.

म्हणून म्हणतो, आपली काळी यादी कागदाला लागते, माणसाला लागत नाही. एक फर्म काळी झाली की मेव्हण्याच्या नावाने दुसरी तयार असते. एका खात्याने बंदी घातली तरी शेजारच्या खात्यात टेंडर भरता येतं. बरं, बंदी घालतानाही घाई आणि ढिलाई दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ पासून सांगितलंय की बाजू ऐकून घेतल्याशिवाय कुणाला काळ्या यादीत टाकता येत नाही. २०१४ मध्ये पुन्हा सांगितलं, की काळ्या यादीत टाकणार आहोत हे नोटिशीतून स्पष्ट कळलं पाहिजे. तरी 'आपणांवर योग्य ती कारवाई का करू नये' असल्या मोघम नोटिसा निघतात, ठेकेदार कोर्टात जातो आणि बंदी उडते. कधी कधी वाटतं, नोटीस मुद्दामच अशी लिहितात.

खाजगी बांधकामात तर हाही कागद नाही. परवानगीच्या अर्जावर आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची सही लागते, स्ट्रक्चरवाल्याची लागते. तुमचं घर जो प्रत्यक्ष बांधतो त्या ठेकेदाराला मात्र ना परीक्षा, ना परवाना. रेरा आहे, पण ते बिल्डरला धरतं आणि तेही प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील तर. माझा मामेभाऊ कॅलिफोर्नियात आहे. किचनचं काम काढलं तेव्हा त्याने ठेकेदाराचा लायसन नंबर सरकारी वेबसाइटवर टाकला आणि कारवाईचा इतिहास चहा पिता पिता वाचला. बिगरपरवाना माणसाला आपल्या लायसनवर काम करू देणं हाच तिथे कारवाईचा मुद्दा आहे. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, पण निदान नाव शोधता येतं.

आणि ही आंधळी कोशिंबीर फक्त लबाडाच्याच फायद्याची आहे असंही नाही. २०२५ च्या जुलैमध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवनची, म्हणजे घरोघरी नळाने पाणी देण्याच्या सरकारी योजनेची, कामं केलेल्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली. बिलं थकल्याचं घरचे सांगत होते. सरकारकडून उत्तर आलं की तो पोटठेकेदार, म्हणजे मूळ ठेकेदाराकडून काम घेणारा, आमच्या नोंदीत त्याचं नाव नाही. जो काम करतो तो नोंदीतच नसेल, तर त्याला पैसे मिळणार नाहीत आणि चुकला तर शिक्षाही होणार नाही. आण्णांना हे सोयीचं पडतं. त्या पोराला ते महागात पडलं.

मला विचाराल तर पोटठेकेदारी उघड करा. साइटवरच्या फलकावर मूळ ठेकेदाराखाली प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं नाव लिहा. बंदी फर्मवर नको, पॅनवर घाला, भागीदारांसकट, आणि बांधकाम खातं, जिल्हा परिषद, नगरपालिका सगळ्यांची यादी एकच ठेवा. लायसन भाड्याने देणाऱ्यालाही सोडू नका, मलाही सोडायला नको होतं. पण एमबीवर सही करणारा साहेब यातून कसा सुटतो? ठेकेदार काळ्या यादीत गेल्याच्या बातम्या निघतात, त्याच कामाच्या मोजमापावर सही करणाऱ्याची बातमी सहसा निघत नाही. हे लिहिल्यावर दोन-चार मित्र माझ्याशी बोलणं बंद करतील, करू देत.

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका पोराचा फोन आला. नुकतंच लायसन झालंय, कुणीतरी तीन टक्के देतोय. (आमच्या वेळी पाच होते. भाव पडलाय.) "सर, देऊ का?"

मी विचारलं, काम कसलं आहे?

"शाळेच्या दोन खोल्या."

कुठे?

"ते नाही विचारलं सर."